दोन ते पाच : सेवा

आमच्या शाळेत शेळ्या आल्या त्या एका शब्दापायी.

बदनापूर स्टेशनावर उतरून अर्धा तास चाललं की शेतांच्या कडेला तीन खोल्या, एक विहीर आणि एक लिंबाचं झाड लागायचं. फाटकावर पाटी होती, 'पाळक प्रशिक्षण शाळा'. ख्रिस्ती मंडळीत पाळक म्हणजे धर्मगुरू. उपासना चालवणारा, लग्नं लावणारा, मेलेल्याला माती देणारा. आम्हाला तो शब्द इतका अंगवळणी पडलेला, की बाहेरचा माणूस त्याचा काय अर्थ घेईल हे कधी डोक्यातच आलं नाही. त्यात गावात शेतीचं संशोधन केंद्र. तिथं बियाण्यांचं चालतं, तर इथं जनावरांचं चालत असेल, असं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं.

एका सकाळी गफूरभाई नावाचे गृहस्थ दोन शेळ्या आणि एक बोकड घेऊन फाटकात उभे राहिले. कुंभार पिंपळगावकडचे. आठवडी बाजार फिरून शेळ्यांचा व्यापार करायचे. बोकड आत शिरून आमचा झेंडू खाऊ लागला होता, तरी ते शांतच.

"गुर्जी, मेरेकू सर्टिफिकेट होना," ते म्हणाले. "शेळीपालनाचं. पंचायत समितीत मागून राह्यलेत."

मी त्यांना बसवून पाणी दिलं आणि सगळं समजावलं. इथं जनावरं पाळायला शिकवत नाहीत, माणसांची आत्मिक काळजी घ्यायला शिकवतात, आमचा पाळक माणसांचा. गफूरभाईंनी ते मनापासून ऐकून घेतलं. मग बोकडाला कानाला धरून बाहेर ओढत त्यांनी विचारलं, "म्हंजी तुमचा पाळक माणसं पाळतो. बराबर. मंग ह्या पाळकाला कोन पाळतं?"

मी तेव्हा तिशी ओलांडलेली, चार परीक्षा पास, शास्त्रातले अवघड अवघड उतारे तोंडपाठ. पण या प्रश्नावर मी हसून वेळ मारून नेली आणि दिवसभर चिडचिड करत राहिलो.

नाताळ अंकाच्या संपादकांनी 'आपल्या सेवाकाळातील आठवणी' लिहा म्हणून कळवलं आहे. त्यातल्या 'सेवा' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. ते भांडण कशावरून झालं तेवढंच सांगतो. बाकी माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत सांगण्यासारखं फार नाही.

आधी आमचा धंदा काय होता ते थोडक्यात. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांमधून निवडलेली, थोडीफार शिकलेली तरुण माणसं आमच्याकडं दोन वर्षं राहायची. त्यांना शास्त्र शिकवायचं, उपदेश कसा करायचा ते शिकवायचं, गाणी बसवून घ्यायची, आजाऱ्याच्या घरी जाऊन काय बोलावं आणि मुख्य म्हणजे काय बोलू नये ते सांगायचं. मग त्यांना एखाद्या खेड्यातल्या मंडळीत नेमायचं. ही मंडळी म्हणजे दहा-पंधरा घरं, तीही बहुतेक शेतमजुरांची. ती पाळकाला भाकरी देत, जीव देत, पगार कुठून देणार? तो मनीऑर्डरनं यायचा. बाहेरून मिशनचा पैसा येई, त्यातून तो निघे. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्या पैशाचाही झरा आटत चालला. माझे जुने विद्यार्थी पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून बसलेले मी पाहिले होते. सकाळी विश्वासावर उपदेश करायचा आणि दुपारी पोस्टात चौकशी करायची, अशी त्यांची गत झाली होती.

म्हणजे गफूरभाईंचा प्रश्न बरोबर होता. माझा स्वभाव असा, की एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती तडीला नेल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मी प्राचार्य बोर्डे साहेबांकडं गेलो. बोर्डे साहेब साठीला आलेले, मऊ बोलणारे, पण शब्दाला पक्के. मी म्हणालो, आपला प्रत्येक पाळक हाताला काम असलेला हवा. सकाळी शास्त्र शिकू द्या, दुपारी धंदा शिकू द्या. श्रद्धा, घाम आणि घास ही तीन वेगळी खाती नाहीत. साहेबांना विचार आवडला. त्यांनी शाळेच्या समितीत ठराव करून घेतला. वेळापत्रकाच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात रंगानं लिहिलं, 'दुपारी दोन ते पाच : सेवा'. ठराव मात्र माझ्या शब्दांत होता आणि त्यातली शेवटची ओळही माझीच : जो हे तास पूर्ण करणार नाही, त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही.

आता कोणाला कोणतं काम द्यायचं? इथं मी शहाणपणा केला. प्रवेशाच्या अर्जात 'वडिलांचा धंदा' असा रकाना होता. मला वाटलं, ज्याच्या घरात जे चालतं ते त्याच्या हातात असणारच. त्यामुळं शिकवणारा वेगळा नेमायला नको आणि काम पहिल्या दिवसापासून सुरू. गवंड्याच्या मुलाला भिंत दिली. मजुरांच्या मुलांना आमची दोन एकर जमीन दिली. एकाचा बाप लग्नात हलगी वाजवायचा, त्याला काय द्यावं हे सुचेना, म्हणून त्याला प्रार्थनेची घंटा दिली. तो दिवसातून चार वेळा ती इतक्या जोरात बडवायचा की शेजारच्या शेतातले बैल बुजायचे.

आणि शांतवनला मी दोर दिला.

शांतवन कुंभार पिंपळगावचा. दुसऱ्या वर्षातला सगळ्यांत हुशार विद्यार्थी. तिथली मंडळी तीन वर्षं पाळकाविना होती आणि त्याच्या वाटेकडं डोळे लावून होती. त्याचे वडील वारलेले, पण अर्जात त्यानं लिहिलं होतं, 'दोर वळणे'. मी मुद्दाम घायपाताची पानं आणवली. त्याला आपल्याकडं केकताड म्हणतात. ती पानं पाण्यात कुजत घालतात, कुजली की दगडावर बडवून त्यांचा वाख काढतात, तो सुकवून पिळतात आणि तीन पेड एकत्र वळून दोर करतात. पानं कुजली की जो वास सुटतो तो दोन-दोन दिवस अंगाचा जात नाही. मला मात्र तीन पेडांच्या दोरावरून पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रैक्याचा दृष्टांत सुचला होता आणि मी त्यावर खूश होतो.

पहिल्याच दिवशी शांतवन वाखाच्या ढिगापुढं हात मागं बांधून उभा राहिला. मी हे वळणार नाही, म्हणाला. मला वाटलं पोरगं चार बुकं शिकलं आणि कामाची लाज वाटायला लागली. मी सगळ्यांसमोर त्याला झापलं. कामाला जात नसते, खुद्द प्रभूनं सुतार होऊन रंधा मारला, तू कोण लागून गेलास, असं बरंच काही बोललो.

त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सुताराचं घर गावात असतंय, गुरुजी. आमचं गावाबाहेर."

तरी माझा ताव उतरला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला खोलीत बोलावून सांगितलं, की नियम म्हणजे नियम. तास भरले नाहीत तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर नेमणूक नाही. तुझ्या गावाला दुसरा कोणीतरी पाळक शोधावा लागेल.

"मी घरून दोर सोडून आल्तो," तो म्हणाला. "तुम्ही परत हातात दिला."

तो दीड महिना रोज दोन ते पाच लिंबाखाली बसून राहिला. ओरडला नाही, भांडला नाही, दुसरं काम मागितलं नाही. मीही त्याला काही दिलं नाही. बाकीची मुलं आमच्या दोघांकडं बघत आणि मान खाली घालून आपापलं काम करत. आता आठवलं की मला माझीच लाज वाटते. तेव्हा मात्र मी शिस्त राखतो आहे, असंच मला वाटत होतं.

शेवटी मी ठरवलं, त्याच्या आईला भेटायचं. आईचं तो ऐकेल. पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. जालना, अंबड अशी एस.टी. बदलत मी कुंभार पिंपळगावला पोचलो. तेव्हा घनसावंगी तालुका झाला नव्हता, आणि जालना हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. सगळे आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात. गावात विचारत विचारत, गाव संपल्यावर पुढं असलेल्या वस्तीत गेलो.

शांतवनची आई, कोंडाबाई, अंगणात दोर वळत होती. पन्नाशीची, काटक, हात मात्र माणसाचे वाटू नयेत इतके राठ. दोर वळायला खरं तर दोघं लागतात. एकजण टोक धरून पीळ देतो आणि दुसरा वाख सोडत मागं मागं सरकतो. तिनं एक टोक खुंटाला अडकवलं होतं आणि एकटीच दोन्ही कामं करत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "आलाच हायसा तर टोक धरा गुरुजी. हात गुतलेत."

मी धोतर सावरून टोक धरलं. तिनं सांगितलं तसा पीळ देत राहिलो. थोड्या वेळानं ती माझ्या हातांकडं बघून म्हणाली, "वळण हाय की तुमच्या हातात. तुमच्यात कोन व्हतं?"

मी म्हणालो, वडील शिक्षक होते. आजोबा उपदेशक.

"आन् त्येंच्या आधी?"

मी म्हणालो, माहीत नाही. हे खोटं होतं. आमच्या घरात पणजोबांचा विषय निघाला की सगळे गप्प होत, आणि ते का गप्प होत हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तेही दोरच वळत. इतरांच्या बापांचे धंदे अर्जात लिहून घेणारा मी, माझ्या पणजोबाचा धंदा त्या बाईला सांगू शकलो नाही. हे आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

तेवढ्यात गावातले एक मोठे बागाईतदार आले. सगळे त्यांना मालक म्हणत. माणूस उग्र नव्हता. मला नमस्कार केला, शाळेची चौकशी केली, कोंडाबाईच्या गुडघ्याचं कसं आहे तेही विचारलं. मग ओसरीवर ठेवलेली दावी, कासरे, वेसणी असं पोळ्याचं सगळं सामान त्यांच्या गड्यानं उचललं. महिनाभराचं काम असेल ते. मालक माझ्याकडं वळून कौतुकानं म्हणाले, "हिच्या हातचा दोर बारा महिने हालत न्हाई, गुरुजी. बापजाद्यापासनं सेवा हाय ह्यांची आपल्या घरी." आणि तिला म्हणाले, "सणाला ये. पोळी घेऊन जा."

ते गेल्यावर मी विचारलं, याचं काय मिळतं? पूर्वी सुगीला बलुतं मिळायचं, ती म्हणाली. आता ते कोणी पाहिलंय? कधी सूपभर ज्वारी, कधी पोळी. पण दोर मात्र ठरल्या दिवशी तयार पाहिजे. नाही म्हटलं तर शेतात काम नाही आणि विहिरीवर पाणी नाही.

मग मी आलो होतो त्या कामाला लागलो. तुमचा मुलगा शाळेत दोर वळायला नकार देतो, त्याला समजवा, नाहीतर त्याचं वर्ष वाया जाईल, असं सांगितलं. कोंडाबाईनं हातातला वाख खाली ठेवला.

"तुमच्या शाळंत दोराला काय देत्यात?"

"काही नाही," मी म्हणालो. "ती सेवा आहे."

ती रागावली नव्हती. जणू मी काय बोललो ते तिला नीट कळलंच नव्हतं.

"मंग त्याला घरीच लावून द्या," ती म्हणाली. "हितं बी सेवाच हाय."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीपाशी बसून एकच गोष्ट डोक्यात घोळवत होतो. मजुरी न देता करून घेतलेल्या कामाला गावात वेठ म्हणतात. मालक त्या वेठीला सेवा म्हणत होते, कारण तो शब्द गोड होता. आम्हीही तोच शब्द फळ्यावर सुरेख अक्षरात रंगवला होता. शांतवननं वळलेला दोर कुठं जाणार होता? शाळेच्या विहिरीला आणि बोर्डे साहेबांच्या गाईला. त्या पोरानं काम नाकारलं नव्हतं, त्यानं वेठ नाकारली होती. आणि मी त्याला प्रभूच्या नावानं झापलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शांतवनला लिंबाखाली गाठलं आणि सांगितलं, की माझं चुकलं. तो विरघळेल असं मला वाटत होतं. तो म्हणाला, "मंग नियमाचं काय?" बरोबर होतं. चूक कबूल करणं सोपं होतं. नियम मोडायचा होता आणि तो मीच समितीच्या गळी उतरवलेला होता.

प्रायश्चित्त म्हणून मी एक वेडेपणाही केला. विहिरीचा दोर मीच वळायला घेतला. चार दिवस हाताला फोड आणले. विहिरीला लावल्यावर तिसऱ्या दिवशी तो दोर तुटला आणि नवी बादली विहिरीत गेली. शांतवननं गळ टाकून ती काढून दिली, तुटलेलं टोक निरखलं आणि "पीळ उलटा बसला, गुरुजी," एवढं बोलून निघून गेला. पणजोबांनी वर कपाळाला हात लावला असेल.

बोर्डे साहेबांशी मात्र तीन आठवडे झुंज चालली. मी फळ्यावरचा 'सेवा' शब्द रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं घासून काढला होता, हे त्यांना फार लागलं होतं. माझ्या मागण्या सरळ होत्या. अर्जातला बापाच्या धंद्याचा रकाना काढा. काम ज्याचं त्यानं निवडावं. आणि जे बनेल ते शाळेनं घेतलं तरी बाजारभावानं घ्यावं, पैसे करणाऱ्याच्या हातात द्यावेत. साहेब मऊ आवाजात म्हणायचे, सेवेला दाम लावला की ती सेवा उरत नाही, पोरं बाजारात जाऊन उभी राहतील. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी स्वतः आयुष्यभर निम्म्या पगारावर काम केलं होतं. पण त्यांचा निम्मा पगार त्यांनी स्वतः सोडला होता. कोंडाबाईनं काय सोडलं होतं? तिला सोडायला कोणी काही दिलंच नव्हतं.

समितीच्या बैठकीत मी तेच सांगितलं. मग म्हणालो, आपण नव्या करारातल्या ज्या प्रेषिताची पत्रं शिकवतो तो तंबू शिवून पोट भरायचा. त्यानं ते तंबू फुकट वाटले असते तर त्याला जेवू कोणी घातलं असतं, आणि आपण आज त्याचं काय वाचलं असतं? शेवटी साहेबच माझ्याकडं बोट करून म्हणाले, "एक वर्ष करून बघू. पण जबाबदारी साळवे गुरुजींची. पोरं पैशामागं गेली तर वर्ग बंद." मी म्हणालो, चालेल.

शांतवननं इंजिन निवडलं. तेव्हा त्या भागात विहिरींवर तेलाची इंजिनं नवीनच येत होती आणि बंदही वारंवार पडत होती. बदनापूरच्या एका मिस्त्रीकडं तो दोन ते पाच जायला लागला. संध्याकाळी काळ्या हातानं यायचा, रॉकेलनं हात धुवायचा आणि प्रार्थनेला बसायचा. तेलाचा वास काही जायचा नाही. त्या वासाबद्दल मात्र त्याची तक्रार नव्हती. बुडलेले तास भरून काढायला तो रविवारची दुपारही द्यायचा. सकाळच्या तासाला मी एक नवा विषय सुरू केला. आपल्या मंडळीतली माणसं कोणाच्या शेतावर राबतात, त्यांना काय मिळतं, किती मिळायला हवं, हे मुलांनी गावोगाव जाऊन विचारून यायचं आणि त्यावर उपदेश लिहायचा. काही उपदेश फार कडक असायचे. एक-दोन गावांतून आमच्याविरुद्ध तक्रारीही आल्या, त्या मी जपून ठेवल्या आहेत.

साहेबांची भीती अगदीच खोटी ठरली असं नाही. त्या वर्षीच्या चौदांपैकी दोघं पाळक झालेच नाहीत. गवंड्याचा मुलगा जालन्याला बांधकामावर गेला तो गेलाच. घंटा बडवणारा बँडमध्ये शिरला. त्याचं मला वाईट वाटतं, कारण त्याचा आवाज उपदेशाला फार चांगला होता. पण वर्ग बंद पडला नाही, कारण मी तो पडू दिला नाही. दर वर्षी समितीपुढं जाऊन भांडायचो. नंतर नंतर त्यांनाच कंटाळा आला.

एप्रिलमध्ये प्रमाणपत्रं लिहायची वेळ आली. ती आधीच छापून आलेली होती आणि त्यांत खाली एक ओळ होती, 'सेवा : पूर्ण'. शांतवनच्या कागदावर मी 'सेवा' हा शब्द शाईनं खोडला आणि शेजारी लिहिलं, 'काम'. बोर्डे साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सही केली.

पुढच्या वर्षी रब्बीची ज्वारी निघाल्यावर शांतवननं मला कापणीच्या सणाला बोलावलं. तो आता कुंभार पिंपळगावचा पाळक होता. सकाळी उपासना, घरोघरी भेटी, आणि दुपारनंतर बंद पडलेली इंजिनं. मनीऑर्डर उशिरा आली तरी त्याची चूल अडत नव्हती. मालकांचं इंजिनही तोच दुरुस्त करायचा आणि दुरुस्तीचे पैसे आधी सांगायचा.

कापणीचा सण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुगीनंतर मंडळीतली माणसं आपल्या पिकातला, कामातला पहिला वाटा देवापुढं आणतात. कणसं, भोपळे, अंडी, कोंबडी, जे असेल ते. उपासना झाली की बाहेर मांडवात त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. मजा अशी की घेणारा पुष्कळदा वस्तू परत देऊन टाकतो आणि तिचा पुन्हा लिलाव होतो. एकच कोहळा तीन-तीनदा विकला जातो. गावातली इतर माणसंही गंमत म्हणून येतात. त्या दिवशी मालक आले होते. त्यांना पुढं खुर्ची दिली होती. गफूरभाईही आले होते, आणि मला बघून त्यांनी विचारलं, "सर्टिफिकेट मिळतंय का न्हाई अजून?"

टेबलावर कणसांच्या शेजारी एक दोर होता. तीन पेडांचा, पांढरा स्वच्छ, गुंडाळून ठेवलेला. कोंडाबाईनं आणलेला. पोळा तर अजून लांब होता. हा दोर तिनं कोणी न सांगता वळला होता.

लिलाव सुरू व्हायच्या आधीच मालकांनी हात पुढं करून तो उचलला, पीळ बघितला आणि गड्याकडं दिला. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, नुसती सवय होती. कोंडाबाईच्या हातचा दोर म्हणजे आपला. शांतवन एक पाऊल पुढं सरकला, मीही उठलो. त्याच्या आधी कोंडाबाई बोलली. ती बायकांच्या मागच्या रांगेत होती, तिथूनच.

"मालक, लिलाव हाय. बोली बोला."

मालकांनी मागं वळून पाहिलं. त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. क्षणभर मला वाटलं ते दोर टाकून उठून जाणार, आणि उद्यापासून या बाईला कोणाच्या शेतात काम मिळणार नाही. तेवढ्यात गफूरभाईंनी, बाजारात शेळीचा भाव बोलतात तशा सहज आवाजात, बाजारभाव सांगितला. मालकांनी गड्याच्या हातातून दोर घेऊन टेबलावर ठेवला आणि दोन रुपये वाढवून बोलले. गफूरभाई आणखी वाढले. मालकही वाढले. ते हट्टाला पेटले होते, आणि चारचौघांत शेळीवाल्यापुढं हार मानणार कशी? शेवटी बाजारात मिळाले असते त्याच्या तिप्पट देऊन मालकांनी तो दोर घेतला. त्यांनी तो परत मात्र दिला नाही, स्वतःच्या हातात धरून घरी नेला.

पैसे शांतवनकडं आले. त्यानं ते दानाच्या थाळीत न टाकता आईच्या हातात दिले. हे लिलावाच्या रीतीला धरून नव्हतं, पण कोणी हरकत घेतली नाही. कोंडाबाईनं नोटा उलटसुलट करून पाहिल्या. दोराचे पैसे आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात आले होते. मला वाटलं ती ते पदरात बांधेल, आणि बांधावेत असंच मला मनापासून वाटत होतं.

ती टेबलापाशी गेली, सगळे पैसे थाळीत ठेवले आणि माझ्याकडं वळली.

"गुरुजी, माझ्या पोराच्या कागदावरची सेवा तुम्ही खोडली म्हनं," ती म्हणाली. "आता लिवा."

शांतवननं आत जाऊन ते प्रमाणपत्र आणलं. खोडलेल्या शब्दाच्या वर जागा थोडीच होती. मी खिशातलं पेन काढलं आणि बारीक अक्षरात 'सेवा' लिहिलं. कागद शांतवनचा होता, पण त्या शब्दापुढं नाव लिहिलं ते कोंडाबाईचं.